लिहिता लिहिता बाहेर: वर्डप्रेसमधून अचानक लॉगआउट होत असेल तर

दिवाळी अंकाचे शेवटचे दिवस होते. एका मासिकाच्या संपादक ताईंचा भरदुपारी फोन आला. "परत बाहेर काढलं हो मला. दीड पान टाइप झालं होतं. 'अपडेट' दाबलं आणि आलं समोर लॉगिनचं पान. या आठवड्यात सहाव्यांदा!" आवाजात राग कमी आणि रडू जास्त होतं. दीड पान म्हणजे त्यांची अख्खी सकाळ होती.

मी लहान नियतकालिकं, वाचनालयं आणि संस्थांच्या वेबसाइट सांभाळतो. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वर्डप्रेसवर आहेत. "सारखं लॉगआउट होतंय" ही तक्रार वर्षातून पाच-सहा वेळा तरी येते आणि दर वेळी कारण वेगळं निघतं. नेटवर मिळणारे उपाय मात्र तेच ते: कुकीज पुसा, प्लगइन बंद करा, लॉगिनची मुदत वाढवा. कधी गुण येतो, कधी येत नाही. आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि महिन्याभराने दुखणं पुन्हा उलटतं. माणूस नेमका कधी आणि कसा बाहेर पडतोय हे दोन-तीन दिवस नीट टिपून ठेवलं, तर निम्म्याहून जास्त वेळा कशालाही हात न लावता कारण सापडतं. ते टिपायचं कसं आणि त्यातून काय ओळखायचं, ते इथे सांगतो.

आधी मजकूर वाचवा

लॉगआउट झाल्याचं कळलं की पहिला नियम: तो टॅब बंद करू नका. वर्डप्रेसचा एडिटर तुम्ही लिहीत असलेल्या मजकुराची एक प्रत दर १५ सेकंदांनी ब्राउझरमध्येच ठेवत असतो. ही प्रत त्या टॅबपुरतीच असते. टॅब मिटला की ती गेली. त्याच टॅबमध्ये पुन्हा लॉगिन करा आणि तोच लेख उघडा. ब्राउझरमधली प्रत वेगळी आहे, ती परत आणायची का, असं विचारणारी पट्टी वर दिसेल. तिथे होकार द्या.

नव्या ब्लॉक एडिटरमध्ये बहुतेकदा पान बदलत नाही. जतन झालं नाही अशी लाल पट्टी येते आणि मजकूर पडद्यावर तसाच राहतो. कधी एडिटरवरच लॉगिनची छोटी खिडकी उघडते. तिच्यात नाव आणि पासवर्ड भरला की ती मिटते आणि काम पुढे सुरू करता येतं. घाबरून पान रिफ्रेश करणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. त्याआधी सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पेस्ट करून ठेवा.

एक सवय आजपासूनच लावून घ्या. नवा लेख उघडला, शीर्षक लिहिलं, की लगेच मसुदा जतन करायचा. त्या क्षणी लेखाला यादीत जागा मिळते आणि पुढे काही झालं तरी तुम्हाला त्याच लेखात परत येता येतं. एकदाही जतन न केलेला लेख पुन्हा 'नवीन लेख'वर जाऊन शोधला तर सापडत नाही, कारण वर्डप्रेस तिथे दुसराच कोरा लेख उघडून देतं.

वाचनालयाचं ओळखपत्र

वर्डप्रेस तुम्हाला ओळखतं कसं, हे समजलं की पुढचं सोपं जातं. गावातल्या वाचनालयाचं ओळखपत्र डोळ्यांपुढे आणा. पत्रावर तुमचं नाव असतं, मुदत असते, सभासद क्रमांक असतो आणि वाचनालयाचा शिक्का असतो. ग्रंथपाल पत्र बघतात आणि नोंदवहीतही बघतात. दोन्ही जुळलं तरच पुस्तक मिळतं.

लॉगिन केल्यावर वर्डप्रेस ब्राउझरला जी कुकी देतं, तिच्यातही याच चार गोष्टी असतात: युजरनेम, मुदत संपण्याची वेळ, त्या लॉगिनपुरतं एक टोकन आणि डिजिटल शिक्का. नोंदवही असते डेटाबेसमध्ये, युजरमेटा नावाच्या टेबलात. प्रत्येक लॉगिनची नोंद तिथे 'सेशन टोकन्स' या नावाखाली होते. ही नोंदवही २०१४ साली ४.० आवृत्तीत आली. शिक्का तयार करायला दोन गोष्टी लागतात: डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमधल्या 'की' आणि 'सॉल्ट' नावाच्या गुप्त ओळी, आणि तुमच्या पासवर्डच्या सांकेतिक रूपातला एक छोटा तुकडा.

म्हणजे पत्र हरवलं, मुदत संपली, नोंदवहीतली ओळ गेली किंवा शिक्का बदलला, यापैकी काहीही झालं तरी दारातून परत पाठवलं जाणार. पासवर्ड बदलला की सगळीकडून लॉगआउट का होतं, तेही यावरून कळतं. शिक्क्यातला तुकडाच बदललेला असतो.

मुदतीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण कित्येक 'गूढ' लॉगआउट इथेच उलगडतात. लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा'च्या चौकटीत खूण केली, तर मुदत १४ दिवसांची. खूण केली नाही तर २ दिवसांची, आणि ती कुकी ब्राउझर पूर्ण बंद केला की साधारणपणे त्याआधीच जाते. ही मुदत लॉगिनच्या क्षणापासून मोजली जाते. तुम्ही काम करत राहिलात म्हणून ती पुढे सरकत नाही. सोमवारी सकाळी १० वाजता खूण न करता लॉगिन केलं, ब्राउझर बंदच केला नाही, तर बुधवारी सकाळी १० च्या सुमारास ऐन वाक्याच्या मध्यावर तुम्ही बाहेर असाल. यात बिघाड काहीच नाही. एका वाचनालयात "दर बुधवारी साइट बिघडते" असं सगळे म्हणायचे. ग्रंथपाल दर सोमवारी ऑफिस उघडल्यावर लॉगिन करायच्या आणि संगणक आठवडाभर चालूच असायचा.

होस्टिंगवाल्यांना विचारलं तर ते पुष्कळदा "पीएचपीची सेशनची वेळ वाढवून देतो" असं म्हणतात. पीएचपीत ती मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते, त्यामुळे शंका तिच्यावर जाणं साहजिक आहे. पण वर्डप्रेसचं मूळ लॉगिन पीएचपी सेशनवर चालतच नाही. ती वेळ दहा पट केली तरी इथे काही फरक पडणार नाही. जूमला वापरत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे सेशनची मुदत मुळातच १५ मिनिटं असते आणि ती ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये बदलता येते.

वही घ्या

आता ताईंकडे परत येतो. मी त्यांना कुठलीही सेटिंग बदलायला सांगितली नाही. एक वही घ्यायला सांगितली. प्रत्येक वेळी बाहेर पडल्यावर चार गोष्टी लिहायच्या: वाजले किती, कोण बाहेर पडलं, कुठल्या यंत्रावर आणि कुठल्या इंटरनेटवर, आणि आपण त्या क्षणी काय करत होतो.

तीन दिवसांनी वहीत पाच नोंदी झाल्या. मंगळवार ११.२०. मंगळवार ४.०५. बुधवार १०.५०. गुरुवारी दोन. यंत्र तेच, इंटरनेट तेच, काम दर वेळी वेगळं. वेळांमध्ये अंतरही सारखं नाही. मग मी त्यांना ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडायला सांगितला. मुद्रितशोधनाचं काम करणारे काका घरून काम करत आणि बसायच्या आधी ग्रुपवर तसं कळवत. मंगळवारी ११.१८ ला त्यांचा निरोप होता: "बसतोय कामाला." पुन्हा ४.०३ ला. बुधवारी १०.४७ ला. पाचही नोंदी दोन-चार मिनिटांच्या फरकाने जुळल्या.

झालं होतं असं. सगळं ऑफिस 'ॲडमिन' या एकाच नावाने लॉगिन करत होतं. पूर्वी कोणीतरी बसवलेल्या सुरक्षा प्लगइनमध्ये 'एका नावावर एका वेळी एकच लॉगिन' अशी सेटिंग होती. काका आत आले की ताई बाहेर. काकांचं कामही असंच अधूनमधून तुटत होतं, पण ते गुपचूप पुन्हा लॉगिन करत. त्यांना वाटायचं, आपल्या घरचं नेट खराब आहे.

उपाय पाच मिनिटांचा होता. प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं: ताई संपादक, काकाही संपादक, नियमित लिहिणारे दोघं लेखक. प्रशासकाचं खातं एकाच माणसाकडे. प्लगइनची सेटिंग होती तशीच ठेवली, कारण ती मुळात चांगली आहे. एका नावाने सगळ्यांनी काम करायची पद्धत आपल्या छोट्या संस्थांमध्ये फार रुळली आहे. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलेला मी पाहिला आहे. लॉगआउट बाजूला ठेवा, पण कुठली ओळ कोणी बदलली हेसुद्धा मग कधी कळत नाही. आणि अशा खात्यात एकाने पासवर्ड बदलला, किंवा प्रोफाइलमधलं 'इतर सगळीकडून लॉगआउट करा' हे बटण दाबलं, की बाकी सगळे त्याच क्षणी बाहेर.

एकटाच माणूस बाहेर पडत असेल

वहीत एकाच माणसाचं नाव असेल आणि त्याचं खातं स्वतंत्र असेल, तर साइट सोडा आणि त्याचा ब्राउझर बघा. त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरने दिवसभर काम करून पाहा. तिथे ठीक चाललं तर पहिल्या ब्राउझरची कुकीची सेटिंग तपासा. बंद करताना सगळ्या कुकीज पुसायची सोय क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत आहे आणि ती चालू करून विसरणारे खूप आहेत. संगणक 'स्वच्छ' करणारी सॉफ्टवेअर ठरल्या वेळी कुकीज उडवतात. खाजगी विंडोमध्ये काम करायची सवय असेल तर विंडो मिटताच लॉगिनही जातं.

एक पायरी पुढे जायचं असेल तर कुकी प्रत्यक्ष बघता येते. लॉगिन करा आणि दुसऱ्या टॅबमध्ये साइटचं मुखपृष्ठ उघडा. एफ-१२ दाबा. क्रोममध्ये 'ॲप्लिकेशन', फायरफॉक्समध्ये 'स्टोरेज', आणि त्यात 'कुकीज'. 'वर्डप्रेस_लॉग्ड_इन' अशी सुरुवात आणि पुढे ३२ अक्षर-अंकांची शेपटी, अशी एक कुकी दिसेल. शेजारी तिची मुदत असते. 'सेशन' लिहिलं असेल तर 'मला लक्षात ठेवा'वर खूण झालेली नाही.

हा टॅब तसाच ठेवा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी रिफ्रेश करत जा. वरची काळी ॲडमिन पट्टी गायब झाली की लगेच यादी बघा. कुकी यादीत नसेल तर तुमच्या बाजूला काहीतरी ती पुसतंय. कुकी जागेवर आहे, मुदतही आहे, तरी पट्टी नाही, याचा अर्थ सर्व्हर तिला मानत नाही किंवा तुम्हाला जुनं साठवलेलं पान दाखवतोय. तपास कुठल्या बाजूला न्यायचा, ते या एका निरीक्षणावर ठरतं. मात्र हे मुखपृष्ठावरच करा. डॅशबोर्ड उघडायला जाऊन लॉगिनच्या पानावर पोचलात, तर वर्डप्रेस जुनी कुकी स्वतःच पुसून टाकतं आणि पुरावा जातो.

जागा बदलली की बाहेर पडणारेही असतात. ऑफिसच्या वायफायवर ठीक आणि लोकलमध्ये मोबाइल डेटावर आलं की लॉगआउट. मोबाइल नेटवर्कवर तुमचा आयपी पत्ता प्रवासात बदलू शकतो, आणि वायफायवरून डेटावर जाताना तर तो बदलतोच. वर्डप्रेस लॉगिनच्या वेळचा आयपी नोंदवहीत लिहून ठेवतं, पण पुढे तो पडताळत नाही. पडताळतात ते काही सुरक्षा प्लगइन. त्यांच्यात 'आयपी बदलल्यास लॉगआउट' अशा अर्थाची सेटिंग शोधा. बातमीदार रस्त्यावरून बातम्या टाकत असतील तर ती बंद ठेवा आणि तिच्याऐवजी दुहेरी पडताळणी सुरू करा. ठराविक वेळ काही हालचाल नसली की बाहेर काढणारी सोयही याच घराण्यातली. वहीतल्या नोंदी दर वेळी जेवणाच्या सुट्टीनंतरच्या असतील तर तिच्यावर संशय घ्या.

सगळे एकदम बाहेर पडत असतील

सगळे एकाच मिनिटाला बाहेर, पण एकदाच, असं झालं असेल तर बहुधा काळजीचं काही नाही. कोणीतरी सॉल्ट बदलले असतील किंवा डेटाबेस बॅकअपवरून पूर्ववत केला असेल. नोंदवही जुनी आली, तिच्यात आजची लॉगिनं नाहीत, एवढंच. मात्र कोणी काय केलं हे विचारून घ्या. कोणीच काही केलेलं नसेल, तर साइटमध्ये परका माणूस शिरला नाही ना, याची तपासणी त्याच दिवशी करा. प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव दिसतंय का, तिथून सुरुवात करा.

ठराविक दिवशी, ठराविक वेळी सगळे बाहेर पडत असतील, समजा दर रविवारी रात्री, तर ते घड्याळ कोणीतरी लावलेलं आहे. सॉल्ट ठरलेल्या अंतराने आपोआप बदलणारी प्लगइन असतात.

आत गेलं की लगेच बाहेर

पासवर्ड बरोबर, चुकीचा असल्याचा संदेश नाही, तरी लॉगिनचं पानच पुन्हा समोर. साइट नव्या होस्टिंगवर हलवल्यावर किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेल्यावर हे हमखास दिसतं.

पहिली शंका पत्त्यावर घ्या. सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये वर्डप्रेसचा पत्ता आणि साइटचा पत्ता असे दोन रकाने आहेत. एकात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं झाली. एका ठिकाणी मिळालेली कुकी तो दुसऱ्या ठिकाणी दाखवत नाही. दोन्ही पत्ते अक्षरशः सारखे करा. डॅशबोर्डमध्ये जाताच येत नसेल तर हेच दोन पत्ते डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये लिहूनही बसवता येतात. त्याच फाइलमध्ये 'कुकी डोमेन' अशी ओळ जुन्या पत्त्यासकट राहिली नाही ना, तेही बघा.

दुसरं कारण नोंदवहीचं. सर्व्हरवरची जागा भरली असेल, तर नवी ओळ लिहिलीच जात नाही. पत्र हातात पडतं, पण नोंद नाही. साइट वाचकांना व्यवस्थित दिसत असते, म्हणून जागेकडे कोणाचं लक्ष जात नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये वापरलेली जागा आधी बघा. जुन्या बॅकअपच्या फाइलींनीच ती भरलेली असायची शक्यता मोठी. डेटाबेस हलवताना आयात अर्धवट राहिली असेल, तर युजरमेटा टेबलाचा आपोआप पुढचा क्रमांक देण्याचा गुण, म्हणजे 'ऑटो इन्क्रिमेंट', हरवलेला असू शकतो. तेव्हाही नवी नोंद होत नाही. पीएचपीमायॲडमिनमध्ये त्या टेबलाची रचना उघडली की पहिल्या रकान्यासमोर हा गुण दिसतो का, ते कळतं. नसेल तर होस्टिंगवाल्यांकडून करून घ्या. स्वतः करणार असाल तर आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

तिसरं कारण मराठीत काम करणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये 'पुढे वाचा' किंवा 'संपर्क' असे मराठी शब्द घालायचे असतात. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडलं, कारण त्याशिवाय देवनागरी टिकतच नाही. जुना नोटपॅड अशा वेळी फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण घालायचा. तिला 'बॉम' म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पीएचपी ती ब्राउझरकडे पाठवून देतं. कुकी नेहमी पानाच्या मजकुराआधी जायला हवी. मजकूर आधी निघाला की कुकी जाऊ शकत नाही आणि लॉगिन होत नाही. अनपेक्षित आउटपुटमुळे कुकीज अडल्या आहेत, असा संदेश लॉगिनच्या पानावर दिसला तर हेच झालंय असं समजा. २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड ही खूण आपणहून घालत नाही. पण जुनी यंत्रं आणि जुन्या फाइली अजून वापरात आहेत. सुरुवातीच्या पीएचपी खुणेआधी किंवा शेवटच्या खुणेनंतर राहिलेली एखादी रिकामी ओळही हेच करते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडा, एन्कोडिंगमध्ये 'बॉम'विना यूटीएफ-८ निवडा आणि जतन करा. "जुन्या होस्टिंगवर तर हीच फाइल चालत होती" असं कोणी म्हणेल. तेही खरं असू शकतं. काही सर्व्हर मजकूर थोडा वेळ रोखून मग सोडतात, त्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते.

डॅशबोर्डमध्ये आत, मुखपृष्ठावर बाहेर

ही तक्रार लॉगआउटची वाटते, पण लॉगआउट झालेलंच नसतं. वेग वाढावा म्हणून कॅशे प्लगइन, होस्टिंग किंवा क्लाउडफ्लेअरसारखी सेवा तयार पान साठवून ठेवते आणि तेच सगळ्यांना देते. ते पान साठवलं गेलं तेव्हा समोर लॉगिन न केलेला वाचक होता. तुम्हालाही तेच मिळालं, म्हणून ॲडमिन पट्टी नाही. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी आकडा जोडून पान उघडा. पट्टी परत आली तर दोष कॅशेचा. 'वर्डप्रेस_लॉग्ड_इन' कुकी असलेल्यांना साठवलेलं पान देऊ नये, आणि लॉगिनचं पान आणि डब्ल्यूपी-ॲडमिन साठवूच नये, असे अपवाद तिथे नोंदवायचे.

याच्या उलटही होऊ शकतं आणि ते गंभीर आहे. लॉगिन न केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावाची पट्टी दिसली, तर एकाचं खासगी पान सगळ्यांना वाटलं जातंय. त्याच क्षणी कॅशे बंद करा, साठवलेलं सगळं पुसा, आणि मग कारण शोधा.

एकाच सर्व्हरवरच्या दोन साइट रेडिस नावाच्या कॅशेमध्ये एकाच उपसर्गाने माहिती साठवत असतील, तरीही लॉगिन टिकत नाही. पण तेव्हा एका साइटवर दुसरीचं नाव किंवा पत्ता दिसणं असे मोठे गोंधळही होतात, त्यामुळे ओळखायला कठीण जात नाही. दोघींना वेगळा उपसर्ग द्या.

प्लगइन तपासताना

वहीतून काहीच उलगडलं नाही तर प्लगइनवर यावं लागतं. चोवीस प्लगइन एकेक करून बंद करत बसू नका. निम्मी बंद करा. त्रास थांबला तर दोषी त्या बारांत, नाही थांबला तर उरलेल्या बारांत. मग त्यातली निम्मी. जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत एकावर येता. पण प्रत्येक फेरीला पुरेसा वेळ द्या. दिवसातून दोनदा लॉगआउट होत असेल, तर अर्ध्या तासात "थांबलं वाटतं" म्हणण्याला काही अर्थ नाही. निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. चालू साइटवर हे करायची भीती वाटत असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमधून साइटची चाचणी प्रत काढा आणि तिच्यावर करा. सुरक्षा, कॅशे, सदस्यत्व आणि एकत्रित लॉगिन या चार जातींची प्लगइन आधी तपासा. लेखाखाली फोटो दाखवणाऱ्या प्लगइनचा यात हात असायची शक्यता फार कमी.

लॉगिनची मुदत वर्षभराची करणारा दोन ओळींचा कोड नेटवर जागोजागी मिळतो. तो वापरू नका, असं मी कळकळीने सांगेन. तो ओळखपत्रावरची तारीख तेवढी बदलतो. नोंदवहीत ओळच नसेल, शिक्का जुळत नसेल, ब्राउझर पत्रच फाडत असेल, तर पुढची तारीख काय कामाची? आणि वाचनालयाच्या सामायिक संगणकावर वर्षभर उघडं राहिलेलं प्रशासकाचं खातं कोणाच्याही हाती लागू शकतं.

सगळं करून कारण होस्टिंगच्या बाजूला असल्याची खात्री झाली, तर त्यांना "लॉगआउट होतंय, बघा" एवढंच लिहू नका. तसं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: कॅशे साफ करून पाहा. वहीतल्या तारखा आणि वेळा द्या. कुकी ब्राउझरमध्ये असूनही सर्व्हर ती नाकारतोय, हे लिहा. मग नेमकं विचारा: जागा शिल्लक आहे का, त्या मिनिटाला एरर लॉगमध्ये काय आहे, युजरमेटा टेबल धड आहे का, सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का, साइट एकाहून जास्त सर्व्हरवरून चालते का आणि असल्यास सगळीकडे सॉल्ट एकच आहेत का. टूल्समधल्या 'साइट हेल्थ'च्या 'माहिती' पानावरून साइटचा सगळा तपशील एका बटणाने कॉपी होतो, तोही जोडा. अशा पत्राला सहसा जाणकार माणसाकडून उत्तर येतं.

दुरुस्ती झाली की वही लगेच मिटू नका. सगळ्यांनी एकदा लॉगआउट होऊन 'मला लक्षात ठेवा'वर खूण करून पुन्हा लॉगिन करावं आणि ती तारीख वहीत लिहावी. १४ दिवस कोणालाही मध्येच पासवर्ड विचारला गेला नाही, तर काम झालं. पंधराव्या दिवशी लॉगिनचं पान येईल, ते यायलाच हवं. ताईंना मी ही तारीख आधीच सांगून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला नाही. दुपारी फक्त निरोप आला: "आज विचारला पासवर्ड. मसुदा आधीच जतन केला होता."